यंत्राचा आकडा आणि डॉक्टरांची सही

यंत्र दारात येऊन उभे राहिले की ज्याच्या पोटावर पाय येण्याचा संभव असतो तो त्यास नावे ठेवू लागतो, असा आपला सर्वसाधारण समज आहे. विणकराने गिरणीला नावे ठेवली, टांगेवाल्याने मोटारीला ठेवली, आणि आता क्ष-किरण चित्रे वाचणारे डॉक्टर कृत्रिम बुद्धीला नावे ठेवीत आहेत. तेव्हा त्यांचे बोलणे फारसे मनावर घेऊ नये, असे चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींतही ऐकू येते. स्तनांचा कर्करोग लवकर हुडकून काढण्याच्या कामी संगणक डॉक्टरांच्या तोडीचा, क्वचित त्यांच्याहून सरस ठरला, अशा बातम्या गेली काही वर्षे वरचेवर येत आहेत. तरीही डॉक्टर कुरकुरतात, ते आपल्या पोटासाठी, दुसरे काय! हा निवाडा आम्हांस घाईचा वाटतो. डॉक्टरांच्या कुरकुरीत स्वार्थ मुळीच नाही असे कोण म्हणेल? परंतु तिच्यातला एक भाग असा आहे की तो डॉक्टरांच्या हितापेक्षा आपल्या घरच्या बायकांच्या हिताचा आहे, आणि तो नीट ऐकून घेतला पाहिजे.

प्रथम हे काम चालते कसे ते पाहू. स्तनांचे क्ष-किरण चित्र, ज्याला मॅमोग्राम म्हणतात, ही काही आजची कल्पना नव्हे. बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन या शस्त्रवैद्याने १९१३ साली, शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची चित्रे घेऊन रोगाच्या खुणा त्यांत कशा उमटतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये, काही तक्रार नसलेल्या बायकांची सरसकट अशी तपासणी केली तर मृत्यू कमी होतात काय, याची पहिली मोठी परीक्षा सुरू झाली, आणि कालांतराने युरोप-अमेरिकेत ही तपासणी रूढ झाली. 'काही तक्रार नसलेल्या' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. तपासणीला आलेल्या अशा हजार बायकांत कर्करोग निघतो तो पाच-सहा जणींना. म्हणजे डॉक्टराने अंधाऱ्या खोलीत बसून एकामागून एक चित्रे पाहावयाची, प्रत्येकीची चार, आणि त्यांतील जवळजवळ सर्वांवर 'काही नाही' असा शेरा मारावयाचा. मात्र जेथे काही आहे तेथे नजर चुकता कामा नये. तांदूळ निवडणाऱ्या बाईला विचारा. खडे पुष्कळ असले म्हणजे ती सावध असते. ताटात एखादाच असला की तोच नेमका कोणाच्या तरी दाताखाली येतो.

माणसाच्या नजरेची ही दुर्बलता डॉक्टरांनाही ठाऊक आहे. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. फुप्फुसांच्या चित्रांत गाठी शोधण्यास बसविलेल्या २४ क्ष-किरणतज्ज्ञांपुढे, शेवटच्या चित्रमालिकेत, एका गोरिलाची आकृती मुद्दाम घुसडून दिली होती. गाठीपेक्षा ती अठ्ठेचाळीस पट मोठी होती. २४ पैकी २० जणांना ती दिसलीच नाही! ते गाठी शोधीत होते, गोरिला नव्हे. अशा चुका टाळाव्यात म्हणूनच युरोपातील पुष्कळ देशांत प्रत्येक मॅमोग्राम दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचण्याची रीत पडली आहे. रीत उत्तम, पण डॉक्टर आणावेत कोठून? नेमक्या या अडचणीच्या दारातून संगणक आत आला.

त्याच्या आगमनाची द्वाही मात्र मोठ्या थाटात फिरली. कृत्रिम बुद्धीच्या विद्येत ज्यांना अग्रमान आहे, आणि ज्यांना २०२४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्या जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली सांगून टाकले की, नवे क्ष-किरणतज्ज्ञ तयार करणे आता बंदच करावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. फार तर दहा लागतील. पाच वर्षे गेली, दहाही उलटत आली. क्ष-किरणतज्ज्ञांची गरज कमी झाली नाही. उलट जागोजागी त्यांचा तुटवडाच आहे. या भाकिताने एक नुकसान झाले. यंत्राविषयीचा प्रश्न 'डॉक्टर राहणार की जाणार' असा भलत्याच रुळावर गेला, आणि डॉक्टर जे खरोखर विचारीत होते ते बाजूला पडले.

ते काय विचारीत होते हे समजण्यासाठी पंचवीस वर्षे मागे जावे लागते. संगणक प्रथमच या खोलीत आला असे नव्हे. १९९८ साली अमेरिकन सरकारच्या औषध-प्रशासनाने मॅमोग्रामवर संशयित जागी खूण करणाऱ्या पहिल्या संगणक-पद्धतीला परवानगी दिली होती. विम्याकडून तिचे जादा पैसेही मिळू लागले, आणि बघता बघता ती दवाखान्या-दवाखान्यांत पसरली. २००७ साली ४३ केंद्रांतील सव्वाचार लाखांहून अधिक मॅमोग्रामांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा उघडकीस आले ते असे की, या पद्धतीने कर्करोग सापडण्याचे प्रमाण म्हणण्यासारखे वाढले नव्हते. वाढले होते ते निष्कारण बोलावणे, आणि सुईने तुकडा काढून तपासण्याचे प्रमाण, तेही जवळजवळ वीस टक्क्यांनी. २०१५ साली सव्वातीन लाख बायकांच्या माहितीवरून दुसरा हिशेब निघाला. निष्कर्ष तोच: फायदा दिसत नाही. तोपर्यंत या खुणांपायी वर्षाला चाळीस कोटी डॉलर जादा खर्च होत होते.

ज्या बाईला 'पुन्हा या, काहीतरी दिसते आहे' असे पत्र येते तिचे पुढले पंधरा दिवस कसे जातात, हे कोणत्याही हिशेबात येत नाही. आपल्याकडे तर ती कोणाला सांगतही नाही. देवापुढे नवस बोलते, पोळ्या लाटते, आणि रात्री छातीवर हात ठेवून जागी राहते. पुढे काही निघाले नाही की सारे म्हणतात, बरे झाले. बरे झाले खरे. परंतु ज्या डॉक्टरांनी अशी शेकडो पत्रे यंत्राच्या खुणेवरून पाठविली, त्यांनी पुढच्या यंत्राकडे डोळे किलकिले करून पाहिले तर त्यांस प्रतिगामी ठरविण्याचे कारण नाही. २०२१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका साक्षेपी आढाव्यातही, तपासलेल्या ३६ पद्धतींपैकी ३४ एका एकट्या डॉक्टरापेक्षाही कमी अचूक ठरल्या होत्या. वर्तमानपत्रांतले मथळे त्याच सुमारास भलतेच काही सांगत होते.

असे असले तरी जे खरे ते मान्य केले पाहिजे. नवी यंत्रे जुन्यांसारखी नाहीत. जुन्या पद्धतीला माणसाने नियम शिकविलेले असत. नव्या पद्धतीपुढे, शेवट ठाऊक असलेली लक्षावधी चित्रे ठेवून, खुणा तिच्या तिलाच हुडकावयास लावतात. स्वीडनमध्ये एप्रिल २०२१ पासून लाखाहून अधिक बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून परीक्षा झाली. एका गटाची चित्रे रीतीप्रमाणे दोन डॉक्टरांनी वाचली. दुसऱ्या गटात यंत्राने प्रत्येक चित्राला एक ते दहा असा धोक्याचा आकडा दिला. दहाचा आकडा मिळालेली चित्रे दोघांनी वाचली, बाकीची एकानेच. २०२५ साली पूर्ण आकडे आले: रीतीच्या गटात हजारी पाच कर्करोग सापडले, यंत्राच्या साहाय्याने ६.४. डॉक्टरांचे वाचण्याचे काम ४४ टक्क्यांनी कमी झाले, आणि खोटी भीती घातल्याचे प्रमाण म्हणण्यासारखे वाढले नाही.

यावरही डॉक्टरांनी एक शंका काढली, आणि ती रास्त होती. जास्त कर्करोग सापडले म्हणजे जास्त जीव वाचले असे नव्हे. काही कर्करोग इतके संथ असतात की ते सापडले नसते तरी त्या बाईचे आयुष्य तेवढेच गेले असते. सापडल्यामुळे मात्र तिला शस्त्रक्रिया भोगावी लागते. म्हणून पाहावयाचे ते हे की, तपासणीत 'काही नाही' असे सांगितल्यावर पुढच्या तपासणीपूर्वीच ज्यांना गाठ आली अशा बायकांची संख्या वाढली की घटली. त्याचेही उत्तर २०२६ च्या जानेवारीत आले: हजारी १.७६ ऐवजी १.५५. फरक लहान आहे, आणि संशोधकांनी सिद्ध करावयास घेतले होते तेही 'यंत्राने वाईट होत नाही' एवढेच. पण वाईट होत नाही आणि निम्मे काम वाचते, ही काही थोडी गोष्ट नव्हे. जर्मनीतही साडेचार लाखांहून अधिक बायकांच्या प्रत्यक्ष तपासणीतून त्याच दिशेचा पुरावा २०२५ साली पुढे आला. अशा स्थितीत यंत्र नकोच म्हणणाऱ्या डॉक्टराची बाजू आम्ही घेणार नाही. पण 'नकोच' म्हणणारे डॉक्टर आहेत तरी किती? स्वीडनमधील स्तनांच्या क्ष-किरणतज्ज्ञांची मते विचारली गेली आणि २०२३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बहुतेकांनी यंत्राचे स्वागतच केले होते. एकमत नव्हते ते दुसऱ्याच दोन गोष्टींवर: यंत्राला कामाच्या कोणत्या पायरीवर बसवावे, आणि चूक झाली तर ती कोणाची मानावी.

या दोन प्रश्नांचे महत्त्व ज्याला पटत नसेल त्याने कोलोन येथील प्रयोग समजून घ्यावा. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला आणि आमच्या मते या विषयावरील सर्वांत बोलका आहे. २७ क्ष-किरणतज्ज्ञांना ५० मॅमोग्राम वाचावयास दिले व प्रत्येकाबरोबर यंत्राचे मत म्हणून एक शेरा दाखविला. पहिली दहा मते बरोबर होती. विश्वास बसला. पुढच्या चाळिसांत बारा मते जाणूनबुजून चुकीची ठेवली होती. शेरा बरोबर असताना नवशिक्यांचे शंभरात ऐंशी निर्णय बरोबर आले. शेरा चुकीचा असताना शंभरात वीस! मध्यम अनुभवाचे डॉक्टर पंचवीसवर आले. आणि ज्यांचा अनुभव दांडगा, ज्यांच्या नजरेवर आपण डोळे मिटून भरवसा ठेवू, ते ब्याऐंशीवरून पंचेचाळीसवर घसरले. डोळे तेच, चित्रेही तशीच. शेजारी फक्त एक आकडा लिहिलेला होता.

आता यात डॉक्टरांना हसण्यासारखे काही नाही. किराण्याच्या दुकानात यंत्राने बेरीज करून दिली की आपणही पावती खिशात घालून चालू लागतो. वडील मंडळी पावती दुकानातच उभी राहून तपाशीत, तेव्हा आपल्याला लाज वाटे. प्रश्न एवढाच की येथे पावती चार आण्यांची नाही.

आमच्या परिचयाच्या एक क्ष-किरणतज्ज्ञ बाई आहेत. तीस-पस्तीस वर्षे हेच काम करून आता निवृत्तीच्या दाराशी आल्या आहेत. त्यांना आम्ही विचारले, "डॉक्टरीणबाई, आपल्याला या यंत्राची भीती वाटते काय?" त्या म्हणाल्या, "अहो, माझी नोकरी संपली, मला कसली भीती! पण समजा, यंत्र म्हणाले ठीक आहे, आणि मला मात्र काहीतरी खटकले. मी बाईंना परत बोलावले आणि काही निघाले नाही, तर वरचे विचारणार, यंत्राने सांगितले असताना खर्च कशाला वाढविलात? आणि मी नाही बोलावले, पुढे गाठ निघाली, तर कागदावर सही कोणाची आहे? माझी. यंत्र सही करीत नाही ना!" यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ साली वैद्यकातील कृत्रिम बुद्धीसाठी नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे काढली. माणसाची देखरेख आणि जबाबदारी यांवर त्यांत भर आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु देखरेख ठेवणाऱ्याला यंत्राविरुद्ध जाण्याची मोकळीक नसेल, तर ती देखरेख कसली? यंत्राची चूक झाली की त्याचे खापर फोडण्यासाठी तेथे बसविलेले ते एक डोके झाले.

येथवर जे लिहिले ते बाहेरच्या देशांचे. आपल्याकडे गोष्ट निराळी आहे, आणि अधिक नाजूक आहे. स्वीडनमध्ये दोन डॉक्टर होते, त्यांतला एक यंत्राने वाचविला. आपल्याकडे एक तरी कोठे आहे? स्तनांच्या कर्करोगाचे २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रोगी आणि ९८ हजारांवर मृत्यू झाल्याचा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे नव्या दोन रोग्यांमागे एक मृत्यू. याचे मोठे कारण म्हणजे आपल्या बायका उशिरा येतात. आमच्या माळव्यातल्या जुन्या घरांतूनही या रोगाचे नाव घेत नसत. 'काकूंना गाठ झाली' एवढेच बोलत, आणि कोठे झाली ते कोणी विचारीत नसे. इंदुरात १८७८ सालापासून वैद्यकीय शाळा होती, १९४८ पासून मोठे महाविद्यालय आहे, पण वाड्याच्या माजघरापासून तेथवरची वाट काकूंना लांबच वाटत आली. चित्रच काढले नाही तर ते वाचणारे यंत्र कितीही हुशार असो, त्याचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट वयाची. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. तरुण वयात स्तनांची घडण दाट असते. दाट भाग चित्रात पांढरा उमटतो आणि गाठही पांढरीच. ही यंत्रे बहुतांशी युरोप-अमेरिकेतील, पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या चित्रांवर शिकलेली आहेत. त्यांनी चाळिशीतल्या आपल्या लेकी-सुनांची चित्रे तितक्याच अचूकपणे वाचावी, हे गृहीत धरता येणार नाही. ते येथे, येथल्या बायकांवर, तपासून दाखविले पाहिजे. ही मागणी करणाऱ्या डॉक्टरांना 'प्रगतीच्या आड येणारे' म्हणणे म्हणजे लंडनच्या शिंप्याचा कोट मापे न घेता अंगात घालण्यासारखे आहे.

आणि यंत्राची ही सारी चर्चा करताना मुंबईत काय झाले ते विसरता कामा नये. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली तेथील गरीब वस्त्यांतून दीड लाखाहून अधिक बायकांवर एक परीक्षा सुरू केली आणि ती वीस वर्षे चालविली. त्यात मॅमोग्राम नव्हता. साधे शिक्षण दिलेल्या स्त्री-आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्वतःच्या हातांनी स्तनांची तपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष आले: तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. बाईच्या हाताला बाई लाजत नाही, ती सेविका दारात येते, नावाने हाक मारते, आणि पुन्हा दोन वर्षांनी येते. यंत्र विकणारे जेव्हा आपल्या सरकारांना सांगतात की डॉक्टर नाहीत तर यंत्र घ्या, तेव्हा या सेविकांच्या पगाराचा आकडा त्या यंत्राच्या किमतीशेजारी मांडून पाहावा. आमचा यंत्राला विरोध नाही. ते सेविकेच्या आणि डॉक्टराच्या हाताखाली यावे, त्यांच्या जागी येऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. जेथे दोन डोळे आहेत तेथे यंत्राने तिसरा व्हावे. जेथे एकही नाही तेथे ते एकटे बसविले, तर त्याची चूक पकडणार कोण?

मग करावे काय? आमच्या मते एक लहानशी रीत पाडली तर पुष्कळ काम होईल. डॉक्टराने चित्र पाहून आपले मत आधी लिहावे, आणि मगच यंत्राचा आकडा त्याच्यापुढे उघडावा. दोन्ही मते कागदावर राहावीत. यंत्र पाहून डॉक्टराने मत बदलले तर तेही नोंदले जावे. आणि यंत्राविरुद्ध जाऊन एखाद्या बाईला परत बोलावले म्हणून कोणाही डॉक्टरास जाब विचारला जाऊ नये. यावर आक्षेप येईल, आणि तो आम्हांस ठाऊक आहे. स्वीडनच्या परीक्षेत डॉक्टर यंत्राचा आकडा पाहूनच वाचीत होते, तरी निकाल चांगला आला. शिवाय आधी स्वतंत्र वाचावयाचे म्हटले तर वेळ कसा वाचणार? खरे आहे. पण ते डॉक्टर वर्षानुवर्षे हजारो चित्रे यंत्रावाचून वाचून तयार झालेले होते. ती नजर यंत्राने दिली नव्हती. आपल्या महाविद्यालयांतून आता जी मुलेमुली या विद्येत शिरतील, त्यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून आकडा मांडून ठेवला तर कोलोनच्या नवशिक्यांहून त्यांची गत निराळी होईल असे मानण्यास जागा नाही. म्हणून निदान शिकण्याची पहिली काही वर्षे त्यांच्याकडून आकडा झाकूनच वाचून घ्यावे, आणि परीक्षेतही तसेच वाचावयास लावावे. त्यात थोडा वेळ जाईल, थोडा पैसाही जाईल, आणि त्याची तरतूद यंत्राच्या खरेदीबरोबरच अंदाजपत्रकात झाली पाहिजे.